आधी फिब्युला शोधा

एमआरआय कल्याणला झालेला असो, ठाण्याला किंवा भिवंडीतच, फिल्मचं ते मोठं पाकीट शेवटी येतं घराजवळच्या दवाखान्यात. कल्याण नाक्यावर मराठीत, शांतीनगरात हिंदी-उर्दूत, पद्मानगरात तेलुगूत, पण प्रश्न एकच असतो : जरा बघून सांगा, यात काय आहे? पाकीट उघडणारा माणूस बहुतेक वेळा रेडिओलॉजिस्ट नसतो. नुकताच दवाखाना थाटलेला डॉक्टर असतो, फिजिओथेरपिस्ट असतो, इंटर्नशिप करणारी विद्यार्थिनी असते, नाहीतर स्कॅनिंग सेंटरमधला नवा तंत्रज्ञ. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या घरी असं पाकीट कपाटावर पडून आहे त्यांनीही वाचायला हरकत नाही, मात्र वाचून स्वतःचं निदान स्वतः करायला बसू नये.

माझं सांगणं एवढंच आहे की पहिले काही आठवडे फिल्ममध्ये आजार शोधूच नका. हे हाड कोणतं, तो स्नायू कोणता, हे लिगामेंट कुठून निघून कुठे रुजतं, इतकंच शोधत राहा. नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुकांपैकी आजार माहीत नसल्यामुळे होणाऱ्या थोड्याच. बऱ्याचशा होतात त्या धडधाकट सांध्यात काय काय असतं हे पक्कं नसल्यामुळे. गुडघ्यातलं एक टेंडन गादीच्या मागून जातं, तिथे बारीक फट दिसते, आणि नवशिका 'गादी फाटली' म्हणून मोकळा होतो. रुग्णाच्या डोक्यात ते वाक्य मग कायमचं बसतं.

नाव, बाजू आणि रंग

फिल्म प्रकाशासमोर धरली की नजर थेट गुडघ्याकडे जाते. ती आधी कोपऱ्यांकडे वळवा. नाव, वय, तारीख आणि बाजू. डावा गुडघा दुखणाऱ्या माणसाच्या हातात उजव्याची जुनी फिल्म असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. घरात दोन-तीन पाकिटं साठलेली असतात आणि धाकट्या मुलाने घाईत हाताला लागेल ते उचललेलं असतं.

बाजू ओळखण्याचा एक उपाय शरीरातच आहे. आडव्या छेदात, म्हणजे ॲक्सिअल चित्रात, आणि समोरून घेतलेल्या उभ्या छेदात, म्हणजे कोरोनल चित्रात, रुग्ण आपल्याकडे तोंड करून आहे असं समजायचं. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. आता पायातलं बारीक हाड, फिब्युला, नेहमी बाहेरच्या बाजूला असतं. ते तुमच्या डाव्या हाताला दिसलं तर गुडघा उजवा, उजव्या हाताला दिसलं तर डावा. फिल्मवरच्या अक्षराशी हे जुळत नसेल तर तिथेच थांबा आणि सेंटरला फोन लावा. तिसरी दिशा म्हणजे सॅजिटल, शरीराचा बाजूने घेतलेला उभा छेद. त्यात गुडघ्याची वाटी सहसा तुमच्या डाव्या हाताला असते आणि पोटरी उजव्या.

यानंतर रंग. एमआरआयचं यंत्र हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा संदेश टिपतं, आणि शरीरातला हायड्रोजन मुख्यतः पाण्यात आणि चरबीत असतो. त्यामुळे कोणत्याही चित्राला पहिला प्रश्न विचारायचा : चरबी पांढरी की काळी? पाणी पांढरं की काळं? चरबी बघायला त्वचेखालचा थर आहेच. पाणी बघायला सांध्यातली फट किंवा वाटीच्या वरची पिशवी बघा. चरबी पांढरी आणि पाणी गडद, तर ते टी-१. दोन्ही उजळ, तर बहुधा टी-२. चरबी काळवंडलेली आणि पाणी लख्ख पांढरं, तर चरबीचा संदेश दाबलेलं चित्र. त्याला पीडी फॅट-सॅट किंवा स्टर म्हणतात. फिल्मवर छापलेले टीआर आणि टीई हे आकडेही हेच सांगतात. दोन्ही लहान तर टी-१, दोन्ही मोठे तर टी-२, आणि टीआर मोठा पण टीई लहान तर पीडी.

टी-१ मध्ये शरीररचना वाचायची आणि पाणी दाखवणाऱ्या चित्रात दुखणं शोधायचं, असा ढोबळ नियम आहे. नवशिके नेमकं उलटं करतात. लख्ख पांढरं काहीतरी दिसलं की तिकडे धावतात, आणि ते पांढरं नेमकं कशात आहे हे सांगता येत नाही.

हाडाचं बाहेरचं कठीण कवच, लिगामेंट, टेंडन आणि गुडघ्यातली गादी म्हणजे मेनिस्कस, ही मंडळी सगळ्याच चित्रांत काळी दिसतात. हाडाच्या आतली मज्जा मोठ्या माणसात बरीचशी चरबीची असते, म्हणून टी-१ मध्ये पांढरी. स्नायू करडे. हाडांच्या टोकांवरची कूर्चाही करडी, पण स्नायूपेक्षा वेगळ्या पोताची. हा तक्ता पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते आणि पुढे तो आयुष्यभर लागतो.

गुडघा बाहेरून आत

शिकायला सुरुवात गुडघ्यापासून करा. भिवंडीत गुडघ्याच्या फिल्म सहज बघायला मिळतात हे एक कारण, आणि गुडघ्याची रचना एका रांगेत उलगडते हे दुसरं. सॅजिटल चित्रांची मालिका घ्या आणि बाहेरच्या कडेपासून आतल्या कडेकडे एकेक चित्र सरका.

सगळ्यात बाहेरच्या चित्रात फिब्युलाचं डोकं दिसतं. त्यावर उतरणारे दोन काळे पट्टे म्हणजे मांडीच्या मागच्या बायसेप्स फीमोरिस स्नायूचं टेंडन आणि बाहेरचं आधार-लिगामेंट. थोडं आत सरकलं की मांडीच्या हाडाचं बाहेरचं टोक आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये बाहेरची गादी येते. तिच्या मधल्या भागातून छेद गेला की ती डमरूसारखी दिसते, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये चिंचोळी. पुस्तकांत याला बो-टाय म्हणतात. आणखी आत गेलं की डमरू तुटून दोन काळे त्रिकोण उरतात, एक पुढचा, एक मागचा. बाहेरच्या गादीत हे दोन त्रिकोण साधारण सारख्या आकाराचे असतात.

डमरू किती चित्रांत दिसलं ते मोजायची सवय लावा. गादीचा मधला भाग साधारण ९ ते १२ मिलिमीटर रुंद असतो आणि छेद ४ ते ५ मिलिमीटर अंतराने घेतलेले असतात, म्हणून ते सहसा लागोपाठ दोन चित्रांत दिसतं. एकाच चित्रात दिसलं किंवा दिसलंच नाही, तर गादीचा आतला तुकडा फाटून सांध्याच्या मध्ये सरकलेला असू शकतो. तीन किंवा जास्त चित्रांत दिसलं तर गादी जन्मतःच रुंद असण्याची शक्यता, आणि तशी ती बहुधा बाहेरच्याच बाजूला असते. छेद ३ मिलिमीटरचे असतील तर हिशेब बदलतो. फिल्मच्या कोपऱ्यात छेदाची जाडी छापलेली असते, ती बघूनच मोजा.

आता गुडघ्याचा मध्य. इथे दोन दोर भेटतात. पुढचं क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाच्या आतल्या भिंतीवरून निघून पुढे आणि खाली नडगीच्या हाडावर रुजतं. मांडीच्या हाडाच्या खाचेला जे तिरपं छत असतं, साधारण त्याच्याच उताराने ते जातं. एसीएल शोधताना डोळ्यांनी ती छताची रेघ आधी पकडा. त्याच्या धाग्यांमध्ये थोडी चरबी असते, म्हणून नडगीजवळ ते पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, आणि ते नॉर्मल आहे. आणखी एका चित्रावर सरकलं की मागचं क्रुशिएट, पीसीएल, येतं. ते जाड, एकसारखं काळं आणि वाकलेलं असतं. नवशिक्याला पीसीएल पहिल्याच दिवशी सापडतं आणि एसीएल सापडत नाही, कारण एसीएल तिरकं असल्यामुळे एका चित्रात सबंध मावत नाही. अशा वेळी तुटलं म्हणण्याआधी कोरोनल आणि ॲक्सिअल चित्रांत त्याचा माग काढा.

मध्य ओलांडला की आतली गादी. हिचा मागचा त्रिकोण पुढच्यापेक्षा चांगलाच मोठा असतो. मागचा त्रिकोण पुढच्याइतकाच किंवा लहान दिसला, तर त्याचा तुकडा कुठे गेला हे शोधायला लागा. पीसीएलच्या खाली दुसरं पीसीएल असल्यासारखा काळा पट्टा दिसत असेल तर बहुधा तो तुकडाच तिथे येऊन बसलेला आहे. फिब्युला चौकटीत नसेल तर आतली-बाहेरची बाजू नडगीच्या हाडाच्या माथ्यावरून ओळखता येते. आतल्या बाजूचा माथा खोलगट असतो, बाहेरचा सपाट किंवा किंचित फुगीर.

कोरोनल चित्रात दोन्ही बाजूंची आधार-लिगामेंटं बघायची. आतलं लिगामेंट लांब असतं आणि सांध्याच्या रेषेखाली बरंच उतरून नडगीला चिकटतं. बाहेरचं तिरकं जाऊन फिब्युलावर बसतं, म्हणून तेही एका चित्रात पुरतं दिसत नाही. ॲक्सिअल चित्रं वाटीसाठी उत्तम. वाटीमागची कूर्चा शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी, त्यामुळे ती ओळखायला सोपी. गुडघ्याच्या मागच्या खळग्यात हाडाला सर्वांत जवळ धमनी, तिच्या मागे शीर आणि सर्वांत मागे, त्वचेच्या बाजूला, टिबिअल नर्व्ह. धमनीतलं रक्त वेगाने वाहतं म्हणून ती बहुधा काळी पोकळी दिसते. पोटरीच्या आतल्या बाजूच्या गॅस्ट्रोक्नेमिअस स्नायूचं डोकं आणि सेमिमेम्ब्रेनोससचं टेंडन यांच्या फटीतून पाण्याचा फुगा मागे आला असेल तर त्याला बेकर सिस्ट म्हणतात. लोक याला 'गाठ' म्हणतात आणि घाबरतात. बहुतेक वेळा ते सांध्यातलंच जास्तीचं पाणी असतं.

फसव्या फटी

आता ज्या जागा नवशिक्याला हमखास फसवतात त्या. बाहेरच्या गादीच्या मागच्या टोकाजवळून पॉप्लिटिअस स्नायूचं टेंडन जातं. टेंडन आणि गादी यांच्यामध्ये पाणी असतं आणि ते थेट फाटल्यासारखं दिसतं. टेंडन खाली स्नायूत जाऊन मिळतं का बघा, मिळालं तर काळजी मिटली. पुढे दोन्ही गाद्यांना जोडणारं एक आडवं लिगामेंट असतं; बाहेरच्या गादीच्या पुढच्या टोकाजवळ त्याचीही अशीच खोटी फट दिसते. मागच्या बाजूला पीसीएलच्या पुढून किंवा मागून जाणारी बारीक लिगामेंटं असतात, हम्फ्री आणि रिसबर्ग यांच्या नावांची. ती सगळ्यांच्या गुडघ्यात असतातच असं नाही. पोटरीच्या बाहेरच्या स्नायूत फॅबेला नावाचं मण्याएवढं हाड कधी कधी सापडतं, तो हाडाचा मोडलेला तुकडा समजू नये. वाटीचा वरचा-बाहेरचा कोपरा जन्मतः वेगळा असणंही असंच नेहमीचं. त्या तुकड्याच्या कडा गोल आणि गुळगुळीत असतात; ताज्या फ्रॅक्चरच्या कडा तशा नसतात.

या सगळ्यांवर एक नियम उपयोगी पडतो. गादीतली पांढरी रेघ गादीच्या वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागाला टेकते का, आणि ती किमान दोन चित्रांत टेकते का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच फाटण्याचा विचार करा. गादीच्या पोटात अडकलेली पांढरी रेघ वाढत्या वयात पुष्कळदा दिसते.

काम विचारल्याशिवाय फिल्म वाचू नका

भिवंडीच्या गुडघ्यांना भिवंडीचा इतिहास असतो. लूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या उभ्याने करणारा कामगार, मानकोली आणि राहनाळच्या गोदामांत दिवसभर ताके आणि खोकी चढवणारा हमाल, खड्ड्यांतून मोटारसायकल हाकणारा तरुण, आणि आगरी गावातला कबड्डीपटू : या चौघांच्या फिल्म तुम्ही वेगवेगळ्या नजरेने बघायला हव्यात. कबड्डीत पाय रोवलेला असताना अंग वळलं आणि 'कट्' आवाज झाला असं मुलगा सांगत असेल, तर एसीएल बघाच, शिवाय हाडांकडेही बघा. अशा इजेत बहुधा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकावर आणि नडगीच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यात हाडाला मुका मार लागतो, आणि फॅट-सॅट चित्रात तो ढगासारखा पांढरा दिसतो. दुचाकीवरून समोरच्या वस्तूवर नडगी आदळली असेल तर आधी पीसीएल. मार कसा लागला हे हाडांतले हे ढग बऱ्याचदा रुग्णापेक्षा नीट सांगतात.

हमालाचं आणि लूम कामगाराचं प्रकरण वेगळं. चाळिशी-पन्नाशीनंतर गादीत काही ना काही सापडतंच, आणि दुखतं ते त्यामुळेच असं मानायचा मोह होतो. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावात ५० ते ९० वयाच्या लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या आढळल्या त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिनाभरात गुडघ्यात दुखणं, ठणका किंवा ताठरपणा काहीच नव्हतं. हा आकडा मला रुग्णाला ऑपरेशनबद्दल बोलण्याआधी दर वेळी आठवावा असा वाटतो. फिल्ममध्ये गादी फाटलेली असणं आणि माणूस त्या गादीमुळे लंगडणं, यांच्यामध्ये हाताने केलेली तपासणी असते.

खांदा

ओझी वाहणाऱ्या गावात खांद्याच्याही फिल्म येणारच. खांद्याची गंमत अशी की तिथले छेद सरळ नसतात. ते सुप्रास्पायनेटस स्नायूच्या रेषेत तिरके घेतलेले असतात, म्हणून गुडघ्याची सवय झालेली नजर आधी गोंधळते. दिशा सापडण्यासाठी कोराकॉइड नावाचं बोटासारखं हाड शोधा. ते नेहमी पुढे रोखलेलं असतं.

बाजूच्या तिरक्या चित्रात एक जागा अशी येते की खांद्याच्या पात्याचं हाड इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसतं. इथे थांबून चार स्नायू मोजा. वर सुप्रास्पायनेटस, पुढे सबस्कॅप्युलॅरिस, मागे इन्फ्रास्पायनेटस आणि मागेच त्याच्याखाली टेरिस मायनर. हे चार स्नायू भरलेले आहेत की सुकून त्यांच्यात चरबीच्या पांढऱ्या रेषा आल्या आहेत, हे याच एका चित्रावरून बरंचसं समजतं. ऑपरेशनने किती फायदा होईल याचा अंदाजही त्यावर अवलंबून असतो. मी तरी खांद्याची फिल्म इथूनच वाचायला सुरू करतो.

मग या चौघांची टेंडनं कुठे बसतात ते बघा. सबस्कॅप्युलॅरिस दंडाच्या हाडाच्या पुढच्या लहान उंचवट्यावर, बाकीचे तिघे मोठ्या उंचवट्यावर. दोन उंचवट्यांमधल्या खोबणीत बायसेप्सच्या लांब टेंडनचा काळा ठिपका ॲक्सिअल चित्रात दिसायलाच हवा. खोबण रिकामी असेल तर ठिपका आतल्या बाजूला घसरलाय का ते शोधा.

खांद्यातही दोन सापळे आहेत. टेंडनचे धागे चुंबकाच्या मुख्य दिशेशी साधारण ५५ अंशांच्या कोनात आले की लहान टीई असलेल्या चित्रात ते विनाकारण उजळ दिसतात. सुप्रास्पायनेटसचं टेंडन हाडावर बसण्याच्या थोडं आधी नेमकं तिथेच वळतं. पीडीमध्ये उजळ आणि खऱ्या टी-२ मध्ये काळं, असं असेल तर टेंडन धड आहे. दुसरा सापळा दंडाच्या हाडाच्या डोक्याचा. खांदा निखळल्यावर त्याला मागे-बाहेर खड्डा पडतो, पण कोराकॉइडच्या पातळीखाली ते हाड मुळातच मागून सपाट असतं. तो सपाटपणा खड्डा म्हणून लिहिला गेलेला तुम्हाला कधी ना कधी भेटेलच.

हातापायाचे आडवे छेद

सांध्यांपेक्षा मांडी, पोटरी, दंड यांचे आडवे छेद पुस्तकांत फारसे शिकवले जात नाहीत, आणि गाठ किंवा पू झाला की नेमके तेच समोर येतात. इथे आधी हाड, मग हाडाचा मागचा भाग. मांडीच्या हाडाला मागून एक उंच कडा असते. ती सापडली की पुढे चार भागांचा क्वाड्रिसेप्स, आत अ‍ॅडक्टर आणि मागे हॅमस्ट्रिंग अशी वाटणी आपोआप होते. सार्टोरिअस नावाचा पट्टीसारखा स्नायू वरून खाली येताना बाहेरून आत सरकतो, आणि मांडीच्या मध्यावर मोठ्या रक्तवाहिन्या त्याच्याखाली असतात. सायटिक नर्व्ह मागे, हॅमस्ट्रिंग आणि अ‍ॅडक्टर मॅग्नसच्या मध्ये.

पोटरीच्या छेदात नडगीचं हाड आतल्या बाजूला थेट त्वचेखाली असतं. अंगणात पडल्यावर जिथे सर्वात जास्त लागतं ती हीच जागा, बोटाने दाबून बघा. फिब्युला बाहेर आणि थोडी मागे. दोघांना जोडणारा पडदा पुढच्या आणि मागच्या कप्प्यांमध्ये भिंत असतो. हाताच्या फिल्ममध्ये एक काळजी घ्या : रुग्णाला पालथं झोपवून हात डोक्यावर घेऊन तपासणी केलेली असू शकते, म्हणजे दिशा उलटतात. अंगठ्याची बाजू शोधा. रेडिअस त्याच बाजूला.

घोट्यात आतल्या बाजूला तीन टेंडनं रांगेत असतात आणि सर्वांत पुढचं, टिबिआलिस पोस्टिरिअर, शेजारच्यापेक्षा साधारण दुप्पट जाड. ते बारीक दिसलं तर लक्ष द्या. बाहेरच्या बाजूला दोन पेरोनिअल टेंडनं, हाडाला चिकटलेलं ब्रेव्हिस आणि त्याच्या मागे लाँगस. टाचेचं अकिलीज टेंडन आडव्या छेदात पुढून सपाट किंवा किंचित खोलगट असतं. पुढूनही फुगलेलं दिसलं तर ते सुजलेलं समजा. मनगटात कार्पल टनेलमधली नऊ टेंडनं मोजा आणि त्यांच्यावर, पट्ट्याच्या लगेच खाली, थोडी उजळ अंडाकृती दिसते ती मिडियन नर्व्ह.

खुब्यात मांडीच्या हाडाच्या डोक्यावर एक छोटा नैसर्गिक खळगा असतो, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते डोक्याच्या वरच्या-पुढच्या भागात नकाशातल्या सीमारेषेसारखी वाकडी रेघ दिसली तर. रक्तपुरवठा तुटून हाड मरू लागल्याची ती खूण असते. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांत असं होत असल्याची तीन रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. तेव्हा खुबा दुखत असेल तर स्टेरॉइडची विचारणा करा. गल्लीतल्या 'ताकदीच्या' पुड्यांचीही करा.

मज्जा, वय आणि रक्त

लहान मुलांच्या फिल्म मोठ्यांच्या फिल्मप्रमाणे वाचू नयेत. हाडाच्या टोकाजवळची वाढीची पट्टी फ्रॅक्चरसारखी दिसते. मुलांत रक्त तयार करणारी लाल मज्जा जास्त असते आणि ती टी-१ मध्ये चरबीइतकी पांढरी नसते. पंडुरोग असलेल्या बायकांमध्येही गुडघ्याभोवती लाल मज्जेचे डाग परत दिसू लागतात. कसोटी अशी की टी-१ मध्ये मज्जा शेजारच्या स्नायूपेक्षा उजळ असेल तर सहसा निश्चिंत राहा. स्नायूइतकी किंवा त्याहून गडद असेल तर ती फिल्म रेडिओलॉजिस्टला पुन्हा दाखवल्याशिवाय रुग्णाला घरी पाठवू नका.

जुन्या अपघातातले स्क्रू आणि प्लेट असतील तर त्याभोवती काळं भगदाड आणि त्याला पांढरी किनार दिसते. तिथली रचना वाचायचा हट्ट धरू नका, दोन बोटं दूरवर काय दिसतं तेवढंच लिहा. धातूवरून आणखी एक. लूम दुरुस्त करणारे, ग्राइंडर आणि लेथवर काम करणारे कारागीर भिवंडीत पुष्कळ आहेत. त्यांना एमआरआयला पाठवण्याआधी 'डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का' हे विचारा, कारण चुंबक तो कण हलवू शकतो. पेसमेकर तर विचारायचाच. आणि सोबतच्या नातेवाइकांना बाहेर थांबवा. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाइकासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण चुंबकाने खेचला जाऊन मरण पावला. रुग्ण झोपलेला नसला तरी ते चुंबक चालूच असतं.

सराव

फिल्म म्हणजे निवडक चित्रं. शिकायचं असेल तर सीडी मागून घ्या. तिच्यात सगळी चित्रं असतात आणि बहुधा ती उघडणारं सॉफ्टवेअरही. एका पडद्यावर सॅजिटल आणि दुसऱ्यावर ॲक्सिअल ठेवून एकाच लिगामेंटचा माग दोन्हींत काढा. एक दिवस फक्त एसीएल, दुसऱ्या दिवशी फक्त आतल्या गादीचं मागचं टोक. रिपोर्ट तोवर पाकिटातच राहू द्या, आणि आपलं मत कागदावर लिहून झाल्यावरच तो उघडा. रिपोर्टमध्ये जे आहे पण आपल्याला दिसलं नाही, ते कोणत्या चित्रात आहे ते शोधून काढेपर्यंत उठू नका. मधूनमधून स्वतःच्या गुडघ्यावर बोटं फिरवा. फिब्युलाचं डोकं, सांध्याची रेघ, वाटीखालचं टेंडन हे सगळं हाताला लागतं.

एमआरआय सांगायची वेळ तुमच्यावर आली तर फॉर्मवर नुसतं 'गुडघेदुखी' लिहू नका. रेडिओलॉजिस्ट ठाण्यात बसलेला असतो, त्याने तो माणूस पाहिलेला नसतो. असं लिहा : पुरुष, ४६, गोदामात हमाल, डावा गुडघा, आठ महिन्यांपासून आतल्या बाजूला दुखतं, उकिडवं बसता येत नाही, मार लागल्याचं आठवत नाही, आतल्या गादीचं मागचं टोक बघावं.